देवीलाच विचारा ना

मुरुड, ता. दापोली
४ जानेवारी २०२५

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. घालावा की घालू नये यावर अर्धी संध्याकाळ गेली. शेवटी घातला, कारण तू माझ्याहून मोठी आहेस आणि त्यात तुझा काही दोष नाही.

मी इकडे बरा आहे. मामांच्या लॉजवर खोल्या उघडून देतो, चादरी मोजून घेतो, पुण्याच्या पाहुण्यांना भरती-ओहोटी समजावतो. काल एका गृहस्थांनी मला विचारलं, "समुद्र रात्री बंद असतो का?" मी म्हटलं, हो, साडेनऊला शटर पडतं. मामा ओरडले. मामी रोज जेवताना एकच विचारते, "कोण रे ती पोरगी, जिच्यापायी दवाखान्याची काच फोडलीस?" मी भात कालवत बसतो. नाव सांगत नाही. आपल्या गावात ते नाव पुरेसं चघळून झालंय.

पत्र लिहितोय, कारण फोनवर तू "बरं, ठेवते" म्हणतेस. मेसेज वाचतेस आणि उत्तर देत नाहीस. कागदाला तरी "ठेवते" म्हणता येत नाही.

अण्णांचा पाय कसा आहे? फुरसं चावलेल्या जागी थंडीत ठणका लागतो म्हणत होते. सानवीची चित्रकलेची परीक्षा झाली का? तुझ्या लेकीला म्हणावं, मामाने शंख गोळा करून ठेवलेत. भावोजी सुट्टीला मुंबईहून आले की माझ्यावर तोंडसुख घेतील, घेऊ देत.

झालं. आता मुद्दा.

तेराला, सोमवारी, ईशाच्या तक्रारीवर पोलीस ठाण्यात तुझा जबाब आहे. मला अण्णांकडून कळलं. म्हणजे अण्णा आईला सांगत होते आणि फोन चालू राहिला होता. डॉक्टर पोलिसांना म्हणाले, "मुलीला तपासताना माझी नर्स आतच होती. दीपालीला विचारा." आणि तू म्हणे नुसती उभी राहिलीस.

ताई, तू आत नव्हतीस.

तुला माहीत आहे, तुझ्या डॉक्टरला माहीत आहे आणि ईशाला तर माहीत आहेच. जनीकाकूलाही माहीत आहे, कारण तिची लेक आत होती तेव्हा तू तिच्या शेजारी बाकावर बसून कोकमाचं आगळ किती मिठात टिकतं ते सांगत होतीस. पण जनीकाकू पडली ईशाची आई. ती लेकीच्या बाजूनेच बोलणार, असं पोलिसांनी आधीच ठरवलंय. उरलीस तू.

तुला सगळं ठाऊक आहे तरी पुन्हा लिहितो, म्हणजे सोमवारी "आठवत नाही" म्हणायची सोय राहणार नाही.

ईशा पाठ दुखते म्हणून पहिल्यांदा तुमच्या दवाखान्यात आली, त्यानंतर मला एसटी स्टँडवर भेटली. मला वाटलं, माझं नशीब उघडलं. बाई दोन वर्षांत स्वतःहून कधी बोलली नव्हती. (हो, तिच्याच गाडीची वेळ साधायला मी लेक्चर बुडवायचो. आणि मग कॉलेजच बुडवलं. हसून घे.) ती म्हणाली, "हर्षद, त्याने काही केलं असं मला सांगता येत नाही. दाराला कडी घातली. पाठ दुखते म्हटलं तर मित्र आहे का, कुठवर फिरता, असलं विचारत राहिला. तपासून झाल्यावरही हात काढला नाही. बाहेर आल्यावर मला माझेच हात घासून धुवावेसे वाटले. एवढंच. मी वेडी आहे का?" मग म्हणाली, "तुझी ताई तिथे असते ना? ती काय म्हणते?"

मी तुला विचारलं. तू भांडी घासत होतीस. म्हणालीस, "पोरींना हल्ली काहीही वाटतं."

तिने आईला सांगितलं की मला दुसरा डॉक्टर बघू दे. जनीकाकू घाबरली. या डॉक्टरने अण्णांना फुरशाच्या विषातून ओढून बाहेर काढलं, अर्ध्या गावाची बाळंतपणं त्याच्या हातची. हाताला गुण आहे म्हणतात. मान्य. मी त्याच हाताबद्दल बोलतोय.

मग आपली रीत. देवळात जाऊन कौल लावायचा. रावजी गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हाच डॉक्टर, डावी पडली तर दुसरा. त्याने गाऱ्हाणं सुरू करायच्या आधी जनीकाकू तुझ्याकडे वळली. मी खांबाला टेकून उभा होतो, मला शब्द न् शब्द आठवतो.

"दीपाली, तू सांग गो. तू दिवसभर तिथंच असतेस. पोरीला परत नेऊ ना?"

सगळं देऊळ तुझ्याकडे बघत होतं. ईशासुद्धा. आणि तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "मी काय सांगू काकू? देवीलाच विचारा ना."

मी ओरडलो, "देवीला कशाला छळताय, ती दवाखान्यात कामाला नाही! ताईला विचारा!" मागून कुणीतरी म्हणालं, "तुझी कोण लागते रे ती?" आणि बापये हसले. अण्णांनी मानगूट धरून मला पायऱ्या उतरवल्या. मी खाली असताना वर "होय महाराजा" झालं. कळी उजवी पडली.

देवीवर माझा राग नाही. तिला जे विचारलं त्याचं उत्तर तिने दिलं. ज्या बाईला विचारलं होतं तिने दिलं नाही.

ईशा दुसऱ्यांदा गेली. आत काय झालं ते तिने मला सांगितलेलं नाही आणि मी विचारणारही नाही. ती तिथून अनवाणी निघाली आणि घरापर्यंत तशीच चालत गेली, एवढं सगळ्या वाडीने बघितलं. तिच्या चपला तूच संध्याकाळी पिशवीत घालून तिच्या घरी पोचवल्यास. चपला पोचवता येतात तुला.

सोमवारी खरं सांग. दुसरं काही मागत नाही.

तुझा
हर्षद


मुरुड
९ जानेवारी

ताई,

पत्र मिळाल्यावर तू स्वतःहून फोन केलास, म्हणजे कागदाने काम केलं.

तुझं बोलणं मी रात्रभर डोक्यात फिरवलं. "मी बाहेर होते म्हटलं की पुढचा प्रश्न माझ्यावरच येणार रे. बाहेर का गेलीस? दरवेळी का जातेस? आणि एवढी वर्षं गप्प का?" बरोबर आहे. येणारच. यायलाच हवा. तू म्हणालीस, "तुला बाईचं आयुष्य काय कळतं? काच फोडून तू मुरुडला बसलास, मला इथेच राहायचंय." तेही बरोबर. काचेवर भिरकावलेल्या माझ्या चिऱ्यामुळे डॉक्टरला म्हणायला मिळालं की हा पोरगा तिच्या मागे आहे, यानेच तिला पढवलंय. ईशाने मला मैत्रिणीकरवी निरोप पाठवला, "तुझा राग तुझ्यापाशी ठेव, मला पुरेसं ओझं आहे." वाचून जेवण गेलं नाही. पण तिने शिवी दिली असती तरी मी खिशात घालून फिरलो असतो, तू मला ओळखतेस.

मग तू म्हणालीस, "आणि तसं ठाम मला तरी कुठे काय माहीत आहे? मी काही डोळ्यांनी बघितलेलं नाही."

ताई, गेल्या पावसाळ्यात सानवीला ताप भरला तेव्हा तू मला फोनवर काय सांगितलंस? "बाईक काढ, हिला रत्नागिरीला डॉक्टरीणबाईंकडे ने." पाऊस धो धो. पोरगी तापाने फणफणलेली, मागे बसून माझ्या रेनकोटात तोंड खुपसून रडत होती. वाटेत नाक्यावर तुमचा दवाखाना लागला. उघडा होता. तू आतच होतीस. मी थांबलो, तर तू दारात येऊन हाताने खूण केलीस. जा, जा, पुढे जा.

मला तेव्हा वाटलं, मोठ्या शहरातली डॉक्टरीण बरी म्हणून असेल. मी गाढव आहे, कॉलेज अर्धवट सोडलेलं गाढव, मला उशिरा कळतं.

डोळ्यांनी न बघता तुझ्या पोरीबद्दल तुला कळलं. मग तेच ईशाबद्दल देवीला का विचारायला लावलंस?

आणि अजून एक. लिहू नये, पण लिहितो. तू नोकरीला लागलीस त्या पहिल्या उन्हाळ्यात आई म्हणायची, ही पोरगी दवाखान्यातून आली की आधी न्हाणीघरात का शिरते. तू म्हणायचीस, औषधांचा वास येतो. नंतर तुझं लग्न ठरलं, तू बाहेरच्या बाकावर बसायला लागलीस आणि आत दुसऱ्या मुली जाऊ लागल्या. मी तुला काही विचारत नाही. तुझ्यावर काय गुदरलं असेल त्याची मला दया येते, खरंच येते. पण तुला जे सुचलं ते फक्त एवढंच, की आपण दाराबाहेर यायचं. दार उघडं ठेवायचं तुला कधीच सुचलं नाही.

ईशा आता रत्नागिरीच्या त्याच डॉक्टरीणबाईंकडे जाते. त्यांनी जनीकाकूला आत बसवूनच तपासलं. पाठीला काही मोठं झालेलं नाही, वाकून कपडे धुण्याचं दुखणं. त्या तिला म्हणाल्या, "डॉक्टर कितीही मोठा असो, मला इथे बरं वाटत नाही एवढं म्हणून उठून जायचं. पुरावा नंतर शोधता येतो." ईशाची मैत्रीण मला सांगत होती की हे ऐकून जनीकाकू तिथेच रडली.

त्या बाईंना सानवीच्या निमित्ताने तू ओळखतेस. सोमवारी ठाण्यात जायच्या आधी त्यांना फोन कर. हवं तर मी येतो, बाहेर थांबतो. बाहेर थांबायची आपल्या घराला सवय आहे.

लागलं ना? लागू दे.

हर्षद


मुरुड
१९ जानेवारी

दीपाली,

आईने फोनवर सांगितलं, "झालं एकदाचं. ताईने सांगितलं की ती आतच होती. मिटलं सगळं." आईच्या आवाजात अशी सुटका होती, जणू तुझा एखादा रिपोर्ट चांगला आला.

तू सरळ उभी राहून सांगितलंस म्हणे. एकदाही अडखळली नाहीस. हवालदाराने दोनदा विचारलं, दोनदा तेच. डॉक्टर तुला ठाण्यापासून घरापर्यंत आपल्या गाडीतून सोडायला आले. कुठल्या सीटवर बसलीस गो?

ईशाने तक्रार मागे घेतली. बुधवारी ती मावशीकडे पनवेलला गेली. आता तिथेच राहणार, कॉलेज तिथेच करणार. तिचं पण इथलं कॉलेज अर्धवट सुटलं. माझं मी सोडलं होतं, तिचं तुम्ही सोडवलंत.

मी मामांची बाईक घेऊन पहाटेच निघालो आणि रत्नागिरीच्या स्टँडवर पोचलो. जनीकाकूने मला बघून तोंड फिरवलं. तिचं बरोबर आहे, आपल्या घरातलं कुणीही तिने का बघावं? ईशा गाडीच्या पायरीशी उभी होती. मी ठरवून गेलो होतो की सगळं बोलायचं. "तुझ्याशी लग्न करतो, पनवेलला येतो, वॉचमनची नोकरी करतो, डॉक्टरला जिवंत गाडतो." यातलं मी काय काय बोललो आठवत नाही. बरंच मोठ्याने बोललो असणार, कारण कंडक्टर बघायला लागला.

तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "हर्षद, तू परत येऊ नको. पत्र पण पाठवू नको. तुझा चेहरा ताईसारखा आहे, मला बघवत नाही."

माझा चेहरा तुझ्यासारखा आहे, हे मला आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं. लहानपणी मी तुझ्यावर गेलोय म्हणून आई कौतुक करायची, ते वेगळं.

मी म्हटलं, ताईला काय सांगू? शाप दे, काहीतरी दे, मी पोचवतो.

ती एक पायरी चढली. गाडी सुरू झाली होती. मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते तुझ्यासाठी आहे.

"तिला सांग, मी रागावलेले नाही. दुसऱ्यांदा आत जाताना दारातून मी मागे वळून बघितलं. आई पिशवीत काहीतरी शोधत होती. ताईने माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. मला तेव्हाच सगळं कळलं. पाय मागे सरकले होते माझे, खरंच सरकले होते. पण मला वाटलं, एवढी मोठी बाई इथे बसलीय, काही असतं तर ती बोलली असती. म्हणून मी आत गेले."

गाडी गेली. मी स्टँडवर उभा राहिलो आणि पहिल्यांदाच मला कुणाला मारावंसं वाटलं नाही.

तुला कुणी काही करणार नाही, ताई. गावात तुझं नाव चांगलं आहे, डॉक्टर तुला कामावरून काढणार नाहीत, अण्णांचा पाय तेच बघतील. तू उद्या पण त्या बाकावर बसशील. कुणाची तरी पोरगी आत जाताना दारातून वळून तुझ्याकडे बघेल, कारण तिला आतून कसंसंच होत असेल आणि विचारायला दुसरं कुणी नसेल.

तेव्हा तुला बोलायचं नसेल तर निदान बाकावरून ऊठ. बाक रिकामा ठेव. रिकामा बाक बघून तरी ती पळेल.

या पत्राला उत्तर नको.

जिच्यासारखा दिसतो तिचा,
हर्षद