खालच्या मजल्यावरची खरखर

२ मार्च

पुन्हा खरखर! दिवेलागणीला हॅम रेडिओचा सेट लावला, तर लहरींचा सगळा पट्टा पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा. आणि बेटाचा आवाज पोचतो तो नेमका याच वेळी!

आमच्या हॅम क्लबला पन्नास वर्षं झाली म्हणून चिटणीसाने लांब पल्ल्यावाल्यांसाठी डाव मांडलाय. साती खंडांशी बोलायचं, आणि शेवटी पृथ्वीच्या तळाच्या समुद्रातल्या त्या उजाड बेटाशी. तिथे दोन वेडे तंबू ठोकून बसलेत. सगळं मोर्समध्ये, स्वतःच्या घरून, स्वतःच्या अँटेनाच्या तारेवरून. माझे खंड झाले. बेट राहिलं.

"काका, तुम्ही पुरं केलंत तर पहिलं मानपत्र तुम्हाला," म्हणे चिटणीस. मानपत्र घाला चुलीत! क्लब काढणाऱ्या चौघांत मी एकटा उरलोय. सूर्यावर डाग भरात असतात तेव्हाच इतक्या लांबचा आवाज पोचतो, आणि तो भर येतो अकरा वर्षांनी एकदा. पुढच्या भराला मी कुठे असेन?

४ मार्च

घराचा मेन स्विच पाडून पाहिला. सेट बॅटरीवर ठेवला. खरखर तशीच! म्हणजे चोर बाहेरचा.

"बाबा, माझी मीटिंग चालू होती!" — सूनबाई. थोड्या वेळाने स्वतःच चहा घेऊन आली. "इंटरनेटवरून दुसऱ्याची अँटेना वापरता येते म्हणे. खरखर नाही, काही नाही."

दुसऱ्याच्या कानाने ऐकायचं! म्हटलं, उद्या माझ्यासाठी जेवूनही दाखव.

५ मार्च

खरखरीखाली काहीतरी हललं. बेटच! हात मोर्सच्या कळेवर जाईपर्यंत बुडालं.

७ मार्च

आज शाळा आठवत बसलो. कवितेचे मास्तर टेबलावर डस्टर आपटून वृत्त शिकवायचे. लघु, गुरु, गुरु — लघु, गुरु, गुरु. खडूचा धुरळा उडायचा आणि त्यात आमचा भुजंगप्रयात सळसळत जायचा. अर्थ कोणाला कळत होता! ताल मात्र हाडात उतरला.

पुढे मोर्स शिकायला गेलो, तर तेच सगळं. डिट म्हणजे लघु, डा म्हणजे गुरु. बाकीची पोरं तक्ते घोकत होती, मी यमाताराजभानसलगं म्हणत होतो. र गण पाठवला की "बोला". ज गण आला की "मिळालं". मास्तरांना सांगायचं राहिलं, की तुमचे गण समुद्र ओलांडतात.

ते असते तर म्हणाले असते, आधी पाठांतर दाखव.

९ मार्च

चोर सापडला. सापडला नसता तर बरं, असं लिहिणार होतो. पण तेही खोटंच.

छोटा ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मध्ये लावून जिना उतरत गेलो. लिफ्टपाशी खरखर मंद. मीटरच्या खोलीपाशी मंद. घड्याळजीच्या दारापाशी मात्र किंचाळायलाच लागला. घड्याळजी माझ्या बरोबर खाली राहतो. आयुष्य दुकानात डोळ्याला भिंग लावून काढलं. पहिली तार गच्चीवर चढवली तेव्हा शिडी यानेच धरली होती. थंडी पडली तशी माझे गुडघे आखडले आणि खाली जाणं सुटलं. एवढंच.

फैलावर घ्यायच्या तयारीनेच आत गेलो. तो पलंगावर, उशांना टेकून. नाकात नळ्या. शेजारी पेटीएवढं एक मशीन, हवा ओढतंय, सोडतंय. माझ्या हातातला ट्रान्झिस्टर त्याच्याच तालावर खरखरत होता.

"ये बिनतारी," तो म्हणाला. दर दोन शब्दांना थांबत. "शेजारच्याचं ठाऊक नाही... आणि चालला... समुद्रापलीकडे!"

ट्रान्झिस्टर बंद केला.

वहिनी पदराशी चाळा करत होत्या. "सांगणार होते हो, भावजी. हेच म्हणाले, नको, तो त्याच्या डावात आहे."

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं दगड होत चाललीत. मशीन आता काढायचं नाही. दिवसा नाही, रात्री नाही.

खरखर कशी शोधली ते त्याला सांगावं लागलं. तेवढ्यात त्याचे डोळे चमकले. "म्हणजे मी... हवेवर आहे?"

१० मार्च

बेटाचा नाद सोडला.

१४ मार्च

रोज दुपारी खाली जातो. तो जुनी घड्याळं उघडून बसतो, हात कापतात, स्क्रू गादीत पडतात. मी शोधून देतो. वहिनी म्हणतात, दोन म्हातारे आणि एक गादी, काय काय हरवेल देवाला ठाऊक!

१८ मार्च

एक सवय लागलीय. सकाळी तोंड धुण्याआधी सेट लावतो. खरखर आली की चहा. जिला शिव्या घालत होतो, तिच्याचसाठी आता कान टवकारतो. ओढतंय, सोडतंय. ओढतंय, सोडतंय. बरं चाललंय खाली.

सूनबाई दारात उभी राहून बघत होती. चहात आज साखर मात्र नेमकी होती.

२१ मार्च

चिटणीसाचा फोन. बेटावर वादळ येतंय, ते दोघे पंचवीसला गाशा गुंडाळणार. "काका, सोडू नका हं!" हो हो म्हटलं.

खाली गेलो तर घड्याळजीला चेहऱ्यावरून कळलं. घड्याळाचं दुखणं नुसत्या टिकटिकीवरून ओळखणारा माणूस. खोदून खोदून काढून घेतलं.

"ऑक्सिजनचा सिलिंडर... आहे की... लाइट गेली तर म्हणून. अर्धा तास... त्याच्यावर काढतो. मशीन बंद. तुझं बेट... उरकून घे."

"वेड लागलंय का?"

"पन्नास वर्षं... तुझी शिडी धरली. आता... सोडवत नाही."

मी उठून आलो.

२३ मार्च

वहिनीच वर आल्या. एकच जिना, तोही थांबत थांबत. "लाइट गेली तेव्हा तासभर काढला होता त्यांनी सिलिंडरवर. डॉक्टरही चालेल म्हणाले. भावजी, ते जेवत नाहीयेत. म्हणतात, आधी त्याला हो म्हणायला सांग."

हो म्हटलं. मनातून आधीच म्हणून बसलो होतो का? या वहीत तरी विचारायला हवं. विचारलं.

२५ मार्च

संध्याकाळी खाली जाऊन आलो. सिलिंडरचा काटा पाहिला, नळी पाहिली. तो म्हणाला, "पळ. सूर्य... कोणासाठी थांबत नाही." वर आलो. हेडफोन लावला. खरखर होती, आणि एकदम नव्हती.

काय ती शांतता! पहाटेच्या धुतलेल्या अंगणासारखा पट्टा. कित्येक वर्षांत असा ऐकला नव्हता. आणि त्यात बेट, अगदी बारीक, थंडीत काकडल्यासारखं, पण अक्षर न् अक्षर सुटं. जगभरातून झुंबड. माझा नंबर लागेना. पाठवलं, पुन्हा पाठवलं. हात जड. पुन्हा पाठवलं.

आणि त्यांनी घेतलं! माझ्या ओळखीची अर्धीच अक्षरं, पुढे प्रश्नचिन्ह. म्हणजे — तुम्ही, हो तुम्हीच, पुन्हा सांगा. पूर्ण ओळख पोचेपर्यंत बेट लागलं असं नाही.

तेव्हाच घड्याळाकडे नजर गेली. अर्धा तास केव्हाच सरला होता. पट्टा स्वच्छ होता. वहिनी विसरल्या असतील. बटण दाबायला काय लागतं! कळेवर बोट ठेवून मी खरखरीची वाट पाहत राहिलो. बेट मला विचारतंय — पुन्हा? पुन्हा? जीव तोडून ऐकत होतो, पण बेटाला नाही, खालच्या खरखरीला.

हेडफोन काढला. गुडघ्यांना कधी नव्हे ते पळवलं. दार उघडंच होतं.

२७ मार्च

वहिनी म्हणाल्या, "सिलिंडर होता हो भावजी, काटा अर्ध्यावर होता. त्यांचंच संपलं." मग थोड्या वेळाने — "सारखं विचारत होते, बेट लागलं का त्याला? मी आपलं हो म्हणून टाकलं. लागलं ना?"

लागलं, म्हटलं.