मोटारीचे बूच आणि नवापूरची तार

नंदुरबार,
ता. १० मार्च १९३८, गुरुवार

मेहेरबान मामूजान सत्तार मिस्त्री, मुक्काम धुळे, यांस भाचा इद्रिसचा अदबीने सलाम.

इकडे सर्व खुशाल आहेत. तुमची तब्येत कशी आहे? (पत्राच्या सुरुवातीला विचारतात तसे नाही, खरोखर विचारतो आहे.) खोकला थांबला का? जेवण जाते ना? उन्हात फार हिंडू नये, विशेषतः येत्या शनिवारी. पत्र मराठीत लिहितो याची माफी असावी. मराठी शाळेत पाचवीपर्यंत गेलो तेवढ्यावर भरवसा आहे, उर्दूतले माझे हिज्जे मलाच लागत नाहीत.

पत्राला खास कारण असे काही नाही. कोरीटच्या इंद्रसिंगांनी मोटार घेतली हे तुम्हांला ठाऊक आहेच. मी तुमच्या हाताखाली धुळ्याला दोन महिने काढले, एवढ्यावर त्यांनी रविवारी मोटार आमच्या अंगणात आणून उभी केली आणि म्हणाले, "इद्रिस, येनं तेल बदली ठेव. होळीले काठीले जानं शे. मोटार नीट पोचनी ना, मंग डायवर तूच." (काठी हे सातपुड्यातले होळीचे गाव. मोटार पायथ्यापर्यंतच, पुढे घोडी.) ड्रायव्हरला खाकी कोट मिळणार आहे. बटणे पितळेची. तेव्हापासून मला झोप नाही.

तुम्ही दिवाळीत लिहून दिलेला कागद मी चुलीमागच्या भिंतीला चिकटवला आणि एकेक ओळ वाचून सोमवारी कामाला लागलो. इंजिन गरम केले. खाली परात ठेवली. इंजिनाखालचे बूच काढले, जुने तेल परातीत उतरले. "बूच जिवापाड सांभाळ" या तुमच्या ओळीखाली दोन रेघा आहेत, म्हणून ते खिशात ठेवण्याची हिंमत झाली नाही (खिसा तपासला, भोक नव्हते, पण पडायला वेळ लागत नाही). घरात सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे अम्मींच्या ओढणीची गाठ. कपाटाची किल्ली तिथेच असते. अम्मी म्हणाल्या, "मेरी गाँठ से चीज गई है कभी?" गेलेली नाही, हे खरे आहे. मी पुन्हा मोटारीखाली गेलो. थोड्या वेळाने अम्मी बाहेरून काही म्हणाल्या, मी खालून "हो, हो" म्हणालो. त्या लेकीच्या, म्हणजे रशिदाच्या, मुलाच्या छठीला नवापूरला निघाल्या होत्या. गाठ त्यांच्यासोबत गेली.

हे मला लगेच कळले नाही. मध्ये शेजारच्या तुळशीबाई आल्या. "इद्रिसभाऊ, इतलं चांगलं तेल फेकी देशी का? मन्हा गाडाना चाकले दे ना." त्यांना दिले, तर सारी गल्ली वाट्या घेऊन आली. परात रिकामी झाली. मग कागदावरची पुढची ओळ वाचली, "नवीन तेल ओत", आणि ओतले. (पूर्ण डबा ओतला असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. अर्ध्या डब्यावर मी तेल खाली परातीत पडल्याचा आवाज ओळखला.)

इंद्रसिंग गुरुवारी पाहायला येणार होते. मंगळवारी सकाळी नवापूरला तार केली. तारेत बूच लिहिण्याची सोय नव्हती, कारण तारबाबू आणि इंद्रसिंग यांचे एकत्र चहापाणी आहे. म्हणून एवढेच लिहिले : अम्मी, ताबडतोब या, इद्रिस. माझ्या मते यात वावगे काही नाही. पण आपल्या घरात आजवर तीन तारा आल्या आणि तिन्ही मयताच्या, हे मी ध्यानात घ्यायला हवे होते. तारेखाली माझी सही, म्हणजे मी जिवंत. रशिदा डोळ्यांसमोर. अम्मींनी हिशेब केला आणि उरलात तुम्ही.

बुधवारी दुपारच्या गाडीने अम्मी, रशिदा आणि तिच्या सासरची अकरा माणसे उतरली. स्टेशनापासून घरापर्यंत "मेरा सत्तार! मेरा भाई!" हेच चालले होते. माझे कोणी ऐकेना. शेवटी सर्व शांत झाल्यावर मी खरे सांगितले. अम्मींनी आधी अल्लाचा शुक्र मानला, मग चप्पल काढली. पाहुणे जेवून झोपले. ते अजून आहेत. मामींना सलाम, अकिलाला दुवा.

तुमचा आज्ञाधारक,
इद्रिस

ता. क. बूच अम्मींसोबत आले नाही. निघताना त्यांनी दुखवट्यासाठी पांढरी ओढणी घेतली, गाठीची हिरवी ओढणी नवापूरलाच कुठेतरी राहिली. तुमच्या वर्कशॉपात तसेच दुसरे बूच असल्यास पाठवावे, एवढीच विनंती. बाकी पत्र सहज लिहिले आहे.

ता. क. दुसरे. वर "सर्व शांत झाल्यावर" असे लिहिले, त्याच्या आधी थोडे राहिले. इंद्रसिंग गुरुवारऐवजी बुधवारीच आले, अगदी रडण्याच्या भरात. पागोटे काढून अर्धा तास ओट्यावर बसले. मी दोनदा तोंड उघडले, पण ते माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "सत्तार मिस्त्री मोठा कारागीर व्हता रे. आते दुखवटाना घरनी मोटार होळीले नेवाले चालत नही. मी घोडावर जासू. पन डायवर तूच, दुसरा कोन शे?" मोटारीखाली त्यांनी वाकूनही पाहिले नाही. मग तुळशीबाईंच्या बैलगाडीतून कोरीटला गेले. चाक मुळीच कुरकुरले नाही.

ता. क. तिसरे. शनिवारी सकाळी इंद्रसिंग उतारूंच्या सर्व्हिस मोटारीने धुळ्याला मामींना दुखवट्याचे भेटायला येत आहेत. त्या वेळी आपण घरी नसावे. बूच त्यांच्याच हाती पाठवल्यास मला लवकर मिळेल, फक्त ते मामींनी द्यावे आणि देताना शक्य तर थोडे रडावे.