कर म्हणजे हात

मंगळवार, संध्याकाळ. बुकित तिमाह, सिंगापूर.

निखिल उद्या पुन्हा आफ्रिकेतल्या त्या डळमळीत देशात निघालाय. बाजारातल्या भाजीवाल्या बायकांवर कर कसा बसवायचा, ते तिथल्या सरकारला सांगायला. जेवताना न राहवून विचारलं, "अरे, तिथे धड रस्ता नाही, दवाखाना नाही. त्या बायकांनी द्यायचा कशासाठी?"

"बाबा, कर आल्याशिवाय रस्ता कुठून येणार?"

"आजोबा, जस्ट पे लाह," नात तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

निखिलचंही खरंच आहे. पण शाळेतल्या कवितांत कर म्हणजे हात असायचा. घेणारा, तसा देणाराही. त्या बायकांनी नुसता घेणाराच पाहिलाय. म्हटलं, "आधी देणारा हात दाखवा की."

निखिल हसला नाही. थकल्यासारखा म्हणाला, "ते माझ्या हातात नाही, बाबा."

पुन्हा हातच.