फुटभर टाकीतले नऊ मासे

माजलगाव,
१९ एप्रिल

प्रिय बिभीषण,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. त्यात फार गुंतू नकोस.

तुझा निरोप पोचला. परीक्षा संपली की भामाला कायमची घेऊन जाणार म्हणतोस. 'पोरगी माझी हाय, अक्काला म्हणावं कपडे बांधून ठेव,' असा निरोप तू दुधाच्या गाडीवाल्याबरोबर धाडलास. सख्ख्या बहिणीला हे तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही. मी फोन केला की तुझी रेंज जाते, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला रेंज लागत नाही. भामा येणार की नाही ते शेवटी सांगते. आधी तुझ्या माशांचं ऐक. ते ऐकल्याशिवाय पुढचं तुला कळायचं नाही.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी तू आलास. सहा महिन्यांनी आलास, तोही मोटारसायकलच्या हँडलला प्लास्टिकची पिशवी टांगून आणि काखेत ती काचेची टाकी घेऊन. इथे आठ दिवसांनी टँकर येतो, शेजारच्या केसरबाईची आणि माझी हंड्यावरून रोज जुंपते, आणि तू मासे आणलेस. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! भामा मात्र टाकीला नाक लावून बसली. तुझ्याकडे तिने नीट पाहिलंसुद्धा नाही, एवढं त्या पिशवीकडे पाहत होती.

तू मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. मला वाटलं, माशांतलं याला कळत असेल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी विसरले. बोटाएवढे नऊ मासे तू त्या टाकीत सोडलेस आणि वर मलाच शिकवलंस, 'तीन कटला, तीन रोहू, तीन मृगळ. कटला वर खातो, रोहू मधी, मृगळ बुडाला. कुनी कुनाच्या वाटचं खात न्हाई, अक्का. आमी तळ्यात हेक्टरी पाच हजार सोडतो, तवा हितं नऊ काय जास्त न्हाईत.' अरे, जे मासे दोन-दोन हात वाढतात ते तू हंडाभर पाण्यात सोडलेस! मी अंगणवाडीत पोरांना एक ते वीस शिकवते, तरी तू गेल्यावर पाटी घेऊन गणित मांडलं. हेक्टरी पाच हजार म्हणजे एका माशाला निदान एक बाज मावेल एवढी जागा. त्या हिशोबाने माझ्या अख्ख्या स्वयंपाकघरात तीन मासे बसतात. फुटभर टाकीत एकाचं शेपूटसुद्धा बसत नाही. पण तुला तळ्याचीच सवय. वरती-मधी-बुडाला म्हटलं की झालं तुझं.

खायला म्हणून तू भुईमुगाची पेंड ठेवून गेलास. 'रोज मूठभर टाक,' असं पोरीला सांगून गेलास. तिने बापाचा शब्द पाळला. तिसऱ्या दिवशी पाण्याची कढी झाली होती आणि वास ओसरीपर्यंत येत होता. मासे सकाळी वर येऊन तोंडं उघडत होते. मी घाबरून सगळं पाणी ओतून टाकलं आणि टँकरचं ताजं पाणी भरलं, त्यातल्या औषधाच्या वासासकट. दुपारपर्यंत तिन्ही कटले उताणे. नंतर दोन रोहू गेले, मग एक मृगळ. दर वेळी भामा मेलेला मासा कढीपत्त्याच्या बुडाशी पुरायची आणि वहीच्या मागच्या पानावर एक रेघ ओढायची. रडायची नाही. तिचं न रडणं तुला माहीत नाही. मला माहीत आहे. तिची आई, सुंदर, गेली तेव्हा तीन वर्षांचं ते लेकरू असंच बसलं होतं, आणि तू 'चार म्हैने ठिव, अक्का' म्हणून माझ्या पदरात टाकून गेलास. त्या चार महिन्यांना या आषाढात सात वर्षं होतील.

शेवटी मी बसस्टँडमागच्या राधाकिशनच्या दुकानात गेले. तो पोपटाचं खाणं विकतो आणि मासेही. त्याने आधी गोल्डफिश दाखवला. मी म्हटलं, खरं सांगा, टाकी फुटाची आहे आणि पाणी टँकरचं. तेव्हा माणूस सरळ झाला. म्हणाला, 'मग ह्याला हातबी लावू नका. ह्यो वीतभर हुतो आन् घाण लई करतो. चार गप्पी न्या, पण नुसते नर. मादी गेली की दोन म्हैन्यात पोरंच पोरं. न्हाईतर एकच फायटर न्या. त्यो वर येऊन हवा घेतो, लाइट गेली तरी मरत न्हाई. दोन नर मात्र ठिवू नका, एकमेकाला फाडत्यात.' हे ऐकून मला आपल्या भावकीची आठवण झाली. मी एकच फायटर घेतला, निळा. पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवायचं, आठवड्याला पाव टाकी बदलायची, दिवसाला चार-पाच दाणे घालायचे, वर झाकण ठेवायचं. एवढं सोपं होतं. एखाद्याला विचारलं असतंस तर!

आता माझ्या हातून काय झालं तेही लिहिते, नाहीतर म्हणशील अक्का दुसऱ्याचंच काढते. तीन मासे उरले होते, एक रोहू आणि दोन मृगळ. भामा शाळेत गेल्यावर मी ते स्टीलच्या डब्यात घातले, रिक्षा केली आणि धरणात सोडून आले. धरणही पार तळाला गेलंय, चिखल तुडवत पाण्यापर्यंत जावं लागलं. मला वाटलं, मरण्यापेक्षा बरं. घरी येऊन टाकी धुतली, फायटर सोडला. वाटलं, पोरगी खूश होईल.

भामा आली, टाकीकडे पाहिलं आणि आधीचे तीन कुठे गेले एवढंच विचारलं. दोन दिवस वेणी स्वतःची स्वतः घातली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडून वेणी घालून घेताना म्हणाली, 'आत्या, ते बाबाच्या तळ्यातले शेवटचे व्हते. तळं आटलं तवा चिखलातून हातानं येचून आनलते त्यानं.' मेल्या, हे तू मला का सांगितलं नाहीस? पोरीला कानात सांगितलंस आणि मला हेक्टरीचं गणित ऐकवलंस! तुमची सोसायटी बसली, तळ्यात आता शेरडं चरतात, हे मला त्या दिवशी दहा वर्षांच्या पोरीकडून कळलं. मी बहीण आहे की कोण?

पण म्हणून तुझा निरोप मला पटला असं समजू नकोस. मला सगळं दिसतं. तुझ्या दुसऱ्या बायकोच्या, विमलच्या मांडीवर तान्हं आहे, टँकरच्या रांगेत हंडा धरायला हात कमी पडतात, आणि आताच तुला लेक आठवली. मी या पत्रात 'नाही' लिहिणार होते. ते 'नाही' भामाच्या तोंडचं असावं, म्हणजे तुला बोलायला जागा राहणार नाही, म्हणून काल तिला समोर बसवून विचारलं. तिचं उत्तर मला ठाऊकच आहे अशा तोऱ्यात विचारलं, बिभीषण. ती म्हणाली, 'मी जाते, आत्या. बाबाकडं आता काईच न्हाई राहिलं.' सात वर्षं मी तिचा ताप काढला, पाढे घोकून घेतले, उवा काढल्या. आणि पोरगी तुझ्या त्या नऊ माशांपायी चालली. मला तुझा इतका राग आलाय की समोर असतास तर लाटणं फेकून मारलं असतं. पण तिला अडवणार नाही. शनिवारी तिचा पेपर संपतो. कपडे बांधून ठेवले आहेत. सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीने ये, पाणी न पिता तिला घे आणि निघ. उशीर करू नकोस. दुपार झाली तर मी तिला सोडणार नाही, माझं मला माहीत आहे.

तुझीच,
मुक्ताअक्का