नवी भट्टी, जुनं यार्ड

६ जानेवारी २०२५, सोमवार

मी! मी! मी!

मॅनेजर उन्मेष सरांनी सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं — नव्या भट्टीची क्रेन सोनिका चालवणार. मला वाटलं, दुसरी कोणी सोनिका असेल. आख्ख्या कारखान्यात दुसरी सोनिकाच नाही! इतकी वर्षं रोलिंगच्या शेडमध्ये क्रेननं सळयांचे बंडल उचलत आले. आता डायरेक्ट वितळलेलं पोलाद! अक्षर कसं वाकडं येऊन राहिलंय. येऊ दे.

दुर्गेशला फोन लावला. तो सीताबर्डीला आपल्या दुकानात कोणाचा तरी मोबाईल उघडून बसला होता. ओरडलाच. मग गिऱ्हाइकाला सांगताना ऐकलं — "माही बायको उकळत्या लोखंडाची बादली उचलणार हाये, भाऊ! बादली म्हणजे आपल्या या दुकानाएवढी!" ती बादली, म्हणजे लॅडल, त्याच्या दुकानापेक्षा मोठीच आहे, पण बोलले नाही. वाईट वाटायचं त्याला.

घरी येऊन आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. "बरं झालं," म्हणाल्या. बस, एवढंच. दमल्या असतील. दिवसभर आमच्याच कारखान्याच्या भंगार यार्डात वाकून वाकून पाठ धरते त्यांची.

९ जानेवारी, गुरुवार

नवीन केबिन पाहिली. एसी! खुर्ची गोल फिरते! जुन्या क्रेनमध्ये पत्र्याचं स्टूल आणि उन्हाळ्यात ओला दुपट्टा डोक्यावर. इथे पायाखालीसुद्धा काच — खाली बघितलं की माणसं हरभऱ्याएवढी. मी पाय वर ओढून घेतले. मग हसू आलं. आणि मग हळूच परत खाली ठेवले.

१८ जानेवारी, शनिवार

आज जुन्या भट्टीची शेवटची हीट. शेवटचा घाणा काढला आणि केशवकाकांनी स्वतः स्विच बंद केला. एवढा मोठा आवाज रोज असायचा, तो थांबला तेव्हा कान दुखल्यासारखे झाले. 

मग काका बोलले. काका इथे सगळ्यांत जुने. रिटायर होऊनही कंपनी त्यांना शिकवायला बोलावते. माईक दिला तर बाजूला ठेवला. म्हणाले, "मी आलो तवा इथं तुरीचं वावर होतं." रेल्वेचं भंगार जवळ मिळतं म्हणून मालकानं कारखाना इथं टाकला. पहिली भट्टी कलकत्त्याहून जुनी विकत आणली. ट्रक चिखलात फसला, तेव्हा गावातल्या बैलजोड्या लावून बाहेर काढला. आणि पहिल्याच हीटला लोखंड भट्टीतच थिजलं! सगळे छिन्न्या-हातोडे घेऊन ते फोडत बसले. "बायकाही होत्या," काका म्हणाले, "साऱ्यायच्या हाताले फोड."

नंतर चांगले दिवस आले. इथल्या सळया म्हणे धरणांत गेल्या, पुलांत गेल्या. मग वाईट दिवस. गेटला कुलूप. ती सगळी वर्षं काका काटोलच्या मंडीत संत्र्याच्या पेट्या उचलत होते. "अंगाले संत्र्याचा वास अन् सपनात भट्टी!" सगळे हसले. काका नाही हसले.

मग नवे मालक आले, कुलूप निघालं. आता ही मोठी वीजभट्टी — तिच्यापुढे जुनी म्हणजे चूलच! काकांनी जाताना जुन्या भट्टीच्या अंगावर हात ठेवला. अजून गरम होती.

मला रडू आलं, खोटं कशाला लिहू. पण खरं हेही आहे, की रडताना मनात नवीन क्रेनच फिरत होती.

१९ जानेवारी, रविवार

भांडण झालं. आमचं पहिलंच.

मी सकाळपासून बडबडत होते. नवीन भट्टी असं करते, नवीन भट्टी तसं करते. भंगारसुद्धा आता हातानं निवडायचं नाही, मोठ्या चुंबकाची क्रेन येणार, ती टनावारी —

आईंनी हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं.

"मंग आमी कुठं जायचं? थ्या चुंबकाले चिकटून बसायचं का?"

आई माझ्याकडे वळल्या.

"यार्डात आमी पाच जनी. एप्रिलपासून कामावर यायचं नाही म्हनून सांगतलं ठेकेदारानं. तुह्या तोंडून एक डाव तरी निघालं का वं थे? तुहं नवीन येऊन राहिलं म्हनूनच आमचं जाऊन राहिलं न!"

मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ माहीत नव्हतं. पण विचारलं तरी कुठे होतं मी? दुर्गेश लहान असताना त्याचे बाबा गेले. तेव्हापासून आई यार्डात. त्या यार्डावर हे घर उभं राहिलं. माझ्या आयटीआयची शेवटची फीसुद्धा लग्नानंतर त्यांनीच भरली.

दुर्गेश आमच्या दोघींच्या मधे उभा. "तुमी दोघी बी बरोबर हा," म्हणाला. दोघीही त्याच्यावर चिडलो.

२ फेब्रुवारी, रविवार

घरात बोलणं मोजकंच. कारखान्यात मात्र — काय सांगू! आज रिकामी लॅडल उचलली. पूर्ण लांबीभर नेली, परत आणली, जागेवर ठेवली. खाली कपभर चहा ठेवला असता तरी सांडला नसता, असं उन्मेष सर म्हणाले. स्तुती पचत नाही मला. दिवसभर एकटीच हसत फिरले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज धीर करून उन्मेष सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, चुंबकाच्या क्रेनवर बाहेरून ऑपरेटर कशाला? यार्डातल्या बायकांना शिकवा.

सरांनी चष्मा काढला. "वय काय त्यांचं? शिक्षण?"

"माझ्या सासूबाई सत्तेचाळीस. आठवी."

"सोनिका, ती क्रेन आहे. खेळणं नाही."

"म्हणूनच शिकवायचं म्हणते, सर. मी शिकवते. माझ्या सुट्टीच्या दिवशी."

सरांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, मेडिकल आणि टेस्ट सगळ्यांसारखीच होईल. सवलत नाही. टेस्ट घ्यायला तू नसशील, तुझं नातं आहे म्हणून. चालेल?

चालेल! पळत खाली आले. पायऱ्यांवर पडता पडता वाचले.

संध्याकाळी आईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्यावर उपकार करू नको." आणि बाहेर जाऊन बसल्या.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

गरम ट्रायल सात मार्चला! तोंडाला चव नाही, झोप नाही, आणि तरी एवढी ताकद कुठून येऊन राहिली कोणास ठाऊक.

७ मार्च, शुक्रवार

नीट लिहिते. सगळं लिहून ठेवायचंय.

सकाळी अकराला भट्टी भरली. तो आवाज — ढग छातीवर उतरून गडगडावेत तसा. पाहुणे आले होते, हार होते, केशवकाका धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात. यार्डातल्या बायकांनाही बोलावलं होतं, लांब पिवळ्या रेषेमागे. वरून आईंची हिरवी साडी दिसली.

भट्टी कलली आणि पोलाद लॅडलमध्ये पडायला लागलं. बघवत नाही इतकं पांढरं! खालून इशारे देणाऱ्या खलाशानं हात वर केला. मी उचललं. पहिल्यांदा आयुष्यात वितळलेलं पोलाद माझ्या हाताखाली! हळू, हळू, पुढे...

अर्ध्या वाटेत लाइट गेली.

सगळंच बंद. एसी, पंखे, क्रेन. भरलेली लॅडल अधांतरी. ब्रेक खट्‌कन लागले, लॅडल थोडी डुलली आणि थांबली. खाली भोंगा. माणसं बाहेर पळायला लागली. वॉकीटॉकीवर सरांचा आवाज — "सोनिका, खाली ये. जिना तुझ्या डावीकडे आहे."

मी आधी सगळे लिव्हर शून्यावर आणले. नाहीतर लाइट आल्याबरोबर क्रेन उसळी मारते. ते झाल्यावर जिन्याकडे बघितलं. आणि नाही गेले. ब्रेक धरून आहेत हे दिसत होतं. लाइट आली की लगेच न्यावं लागणार, नाहीतर पोलाद लॅडलमध्येच थिजणार. मी नसेन तर नेणार कोण?

म्हटलं, "सर, मी थांबते. लोड स्थिर आहे."

काही सेकंद खरखर. मग, "ठीक. हात लिव्हरवरून काढ."

घाम डोळ्यांत. काच तापलेली. भीती वाटली का? वाटली. पण एक विचित्र गोष्ट — एवढी शांत मी कधीच नव्हते. ती लॅडल आणि मी. बस.

जनरेटर धरला. दिवे आले. मी एक श्वास घेतला आणि पहिला लिव्हर अगदी थोडा सरकवला. चालली! नेली, साच्यावर ठेवली, पोलाद खाली धार लावून उतरलं. पलीकडून लाल, लांबलचक पोलादाची पट्टी बाहेर यायला लागली. नव्या भट्टीचं पहिलं पोलाद!

खाली उतरले. केशवकाकांनी दोन्ही हात धरले माझे. उन्मेष सर आधी रागावले, मग मिठाई दिली. गोपिकामावशी — यार्डात आईंच्या जोडीला असते ती — माझ्या कानात म्हणाली, "तुही सासू बाहेर निघतच नव्हती वं! वॉचमननं ओढून नेली. 'माही सून वर हाये' म्हनून बोंबलत होती."

८ मार्च, शनिवार

सकाळी चहा घेताना आई समोर बसल्या. कितीतरी दिवसांनी.

"वरून कसं दिसते वं?"

मी सांगितलं. माणसं हरभऱ्याएवढी.

"अन् थे लिव्हर? कोनतं कायले?"

पोळपाट मधे ठेवला, बाजूला दोन चमचे. हा पुढे-मागे, हा वर-खाली. आईंनी चमचे हातात घेतले. बराच वेळ हलवत बसल्या. चहा गार झाला.

"गोपिकाले बी सांगतो," म्हणाल्या. "पुढच्या रविवारी येतो आमी."

मी मोरीत जाऊन नाचले!

१६ मार्च, रविवार

तिघी आल्या, दोघींनी आधीच नाही म्हटलं. गोपिकामावशी शिडीच्या अर्ध्यावर डोळे मिटून उभी राहिली आणि उतरली. "मले नाही जमत, बाई." तिसरी तर खालूनच परतली. आई वरपर्यंत आल्या. चुंबक खाली सोडलं, करंट दिला, आणि एवढालं भंगार खडखड करत चिकटलं! आई किंचाळल्या. आनंदानं! त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं.

१३ एप्रिल, रविवार

वाईट दिवस.

काल आईंची टेस्ट झाली. मी बाहेर उभी होते. लोड डोलला, त्या घाबरल्या, करंट लवकर बंद केला. भंगार ट्रॉलीच्या बाहेर पडलं. कोणाला लागलं नाही. पण नापास.

मी म्हटलं, परत देता येते, आई. आपण आणखी —

"नको," म्हणाल्या. "तू खाली उभी राहून पायत राहते न, मले काहीच सुचत नाही. चुकलं तं तुहं नाव जाईन." मग हळूच, "तू चांगली हायेस वं. पन तुह्यासमोर मले नाही शिकता येत."

गोपिकामावशी काटोलला संत्र्याच्या पॅकिंगला जाते. उद्यापासून आई पण जाणार. सकाळची बस.

उन्मेष सरांनी विचारलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, आईंना परत टेस्ट नको आहे, सर. 

२९ एप्रिल, मंगळवार

महिनाभर दुसरी पाळी. मी उठते तेव्हा आई निघून गेलेल्या असतात, मी येते तेव्हा झोपलेल्या. भट्टी मात्र घोड्यासारखी धावते! आज एकामागून एक हीट, एकही अडली नाही. केशवकाका दुपारी जाताना भेटले. ते हल्ली सकाळीच येतात. "काय काका, काय चाललंय?" तर नुसते हसले.

घरी आनंद सांगायला कोणी जागं नसतं. दुर्गेश अर्धवट झोपेत "हौ, हौ" म्हणतो.

२१ मे, बुधवार

आज पाळी बदलली. सकाळी यार्डातून शॉर्टकटनं निघाले. वॉकीटॉकी खरखरला —

"ए सोनिका! रेषेच्या मांगं हो! लोड येऊन राहिला, दिसत नाही का तुले?"

वर बघितलं. चुंबकाच्या क्रेनच्या काचेमागे आई, डोक्यावर पिवळं हेल्मेट. खाली सावलीत केशवकाका, इकडे लक्षच नसल्यासारखे. काटोलची बस कुठली नि काय! रोज सकाळी काकांच्या हाताखाली शिकून टेस्ट पण पास!

मी मुकाट्यानं मागे झाले.