वहिनींच्या गाडीचं ऑइल

सुरगाणा
ता. १६ फेब्रुवारी १९९८

प्रिय योगेशभाऊजी,

स. न. वि. वि. तुम्ही, स्नेहल आणि आबा मजेत असाल. मी ठीक आहे. आमच्या आरोग्य उपकेंद्राचं छप्पर अजून तसंच आहे आणि मोठे साहेब अजून "बघू" म्हणतात.

पत्र तुमच्या दादांच्या मोटरसायकलसाठी लिहिते आहे. ते गेल्याला दोन वर्षं झाली, पण गाडी एक दिवस उभी ठेवली नाही. सगळे पाडे तिच्यावरच करते. आता ऊन वाढलं तसं चढावर इंजिन फार तापतं, मांडीला झळ लागते. तिला थंड करायला पाणी नाही, नुसता वारा. आणि चढावर वेग नसला की वाराही नाही. ऑइल बदलायला झालंय. दुकानात तिघांनी तीन सांगितलं. एक म्हणतो जीपचं जाड घाला, एक म्हणतो मोटारीचं महागडं घाला. कळवणचे गोटीराम मिस्त्री म्हणतात की गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते दुचाकीचं वीस-चाळीस ग्रेडचं सोडून दुसरं काही घालू नका. पण मिस्त्री पडले जुने. तुम्ही नाशकात एवढ्या मोठ्या गॅरेजचे फोरमन, तुम्ही सांगाल तेच घालीन.

स्नेहलला सांगा, तिने दिलेलं लोणचं संपलं. हे मुद्दाम कळवते आहे.

तुमची
मोहिनीवहिनी

नाशिक
ता. २५ फेब्रुवारी १९९८

ती. वहिनींस,

शि. सा. नमस्कार. पत्र वाचून हसलो. आमच्या वहिनी ग्रेडच्या गोष्टी करायला लागल्या! उद्या गॅरेजमध्ये माझी खुर्ची मागाल.

गोटीराम मिस्त्रींचं ऐकू नका. पुस्तक कंपनीने दहा वर्षांपूर्वी छापलं. मी मोटारीचं खास ऑइल पाठवतो आहे, पातळ आणि एकदम गुळगुळीत. वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनात पातळ ऑइल लवकर फिरतं आणि लवकर निवतं. मोठ्या डब्यातून साध्या कॅनमध्ये काढलंय, तेव्हा वर नाव शोधू नका. सुरगाण्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं आहे. जुनं सगळं काढा, हेच घाला आणि निर्धास्त चालवा.

एक सांगू का, राग मानू नका. आबा गावी निफाडला गेले की लोक विचारतात, तुमची विधवा सून टांग टाकून फटफटी चालवते म्हणे. आबा मान खाली घालून घरी येतात. बदली मागून घ्या, निफाडात या, चार माणसांसारख्या एसटीने फिरा. बाकी तुमची मर्जी.

धाकट्या दिरावर माया राहू द्यावी.
योगेश

सुरगाणा
ता. २३ एप्रिल १९९८

प्रिय योगेशभाऊजी,

स. न. वि. वि. अक्षर सांभाळून घ्या.

परवा दुपारी बारा वाजता वरच्या पाड्यावरून माणूस पळत आला. मंगळूची बायको नवसाबाई घरीच बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. मंगळू तुमच्याच निफाडला द्राक्षाच्या कामावर गेलेला. घरात फक्त त्याची म्हातारी आई, ठमाबाई. मी इंजेक्शनं आणि सलाईन घेतलं आणि निघाले. गाडीने नेहमी वीस मिनिटं लागतात.

चढ लागला आणि गाडी ओढेना. इंजिन किंचाळत होतं, चाक मात्र पुढे जात नव्हतं. पहिल्या गिअरमध्ये टाकली, मूठ पूर्ण पिळली, खाली उतरून ढकललीसुद्धा. शेवटी खाडकन आवाज झाला आणि इंजिन जाम झालं. गाडी तिथेच टाकली आणि पिशवी घेऊन धावले. अडीच किलोमीटर चढ, एप्रिलचं ऊन.

मी पोचले तेव्हा अंग अजून गरम होतं, भाऊजी. ठमाबाई म्हणाली की आत्ताच, बाई, आत्ताच गेली, तुझंच नाव घेत होती. मुलगी आहे. ती जिवंत आहे.

तुमचं ऑइल घालून जेमतेम दीड महिना झाला होता. माझं काय चुकलं? मी कमी घातलं का? चेन घट्ट होती का? मला कळल्याशिवाय झोप येणार नाही. खरं ते सांगा.

मोहिनी

नाशिक
ता. ४ मे १९९८

ती. वहिनींस,

शि. सा. न. वाईट झालं. पण आयुष्याची दोरी वरच्याच्या हातात असते, त्यात तुमच्या गाडीचा काय संबंध?

चूक विचारली म्हणून सांगतो. तुम्ही अर्धा क्लच दाबून चालवत असणार. बायकांना ती सवयच असते, मी गॅरेजात रोज बघतो. यंत्राला हात कोणाचा आहे ते कळतं. ऑइल उत्तमच होतं. दादा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. त्यांच्या गाडीचा तुम्ही खुर्दा केलात, हे मात्र त्यांनी सांगितलं नसतं, म्हणून मी सांगतो.

आता तरी ती भंगारात द्या. आबा म्हणतात, एक बाई मेली तेव्हा कुठे सुनेचे डोळे उघडले.

स्नेहलचा नमस्कार. काळजी घ्या आणि आमच्यावर रागावू नका.
योगेश

नाशिक
ता. १९ मे १९९८

ती. ताई,

सा. न. वि. वि. माहेर इथे गावातच आहे, तिथून हे पत्र टाकते आहे. वाचून फाडून टाका.

तुम्ही रात्रंदिवस स्वतःला दोष देत असाल, ते मला सहन होत नाही. तुमचं काहीच चुकलं नाही. फेब्रुवारीत तो कॅन भरताना हे आबांना सांगत होते. मी पोळ्या वाढत होते. म्हणाले की दुचाकीत क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, मोटारीचं गुळगुळीत ऑइल घातलं की प्लेटा घसरतात. दोन महिन्यांत जळतील, गाडी बसेल आणि वहिनी निमूट एसटीत बसतील. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. मीसुद्धा थोडी हसले, ताई. ते खोटं बोलणार नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले.

माझं नाव कुठे येऊ देऊ नका. मला राहायचं ह्यांच्याच घरात आहे.

तुमची अपराधी
स्नेहल

नाशिक
ता. ३० नोव्हेंबर १९९८

वहिनी,

नमस्कार.

तुम्ही गोड पत्र लिहून बोलावलंत, गाडी तुम्हीच बसवून द्या म्हणालात, म्हणून मी नवे पार्ट घेऊन आलो. दोन दिवस राबून इंजिन बांधलं. तुम्ही ऑइलचा डबा पुढे केलात, दुचाकीचं वीस-चाळीस, आणि पुस्तक उघडून त्या ओळीवर बोट ठेवलंत. तेव्हाच मला निघून जायला हवं होतं.

मग म्हणालात, चढ चढते का बघू. मला मागे बसवून त्या पाड्यावर नेलंत. कुठे नेताय ते सांगितलं नाहीत. म्हातारीने कोरा चहा दिला. ती पोर माझ्या मांडीवर ठेवली. तुम्ही म्हणालात, हे माझे दीर, इंजिनातलं सगळं कळतं ह्यांना. म्हातारी माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, दादा, तुझं लय भलं होईल, आता आमची बाई येळेवर येईल, माझ्या सुनेगत कोणी मरायचं नाय. पोरीने माझं बोट धरलं होतं. ती सोडेना. तुम्ही दारात उभ्या राहून बघत होतात.

परत येताना मी विचारलं, कसं कळलं, तर म्हणालात की गोटीराम मिस्त्रींनी जळक्या प्लेटा दाखवल्या आणि माझं फेब्रुवारीचं पत्र तुमच्यापाशी आहे. एवढंच बोललात आणि मला एसटीत बसवून दिलंत.

वहिनी, मला कोणाला मारायचं नव्हतं. गाडी बंद पडावी इतकंच होतं. आबांची मान खाली जात होती. गॅरेजात आता कोणी ऑइल कुठलं घालू विचारलं की मी हाताखालच्या पोराला सांगायला लावतो. तुम्ही म्हातारीला सांगून टाका. तिने शिव्या दिल्या, मारलं तरी चालेल. तिने तोंडावरून फिरवलेला हात मला पेलवत नाही. पाया पडतो.

योगेश

सुरगाणा
ता. १४ जानेवारी १९९९

प्रिय योगेशभाऊजी,

स. न. वि. वि. पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. लसीकरण चालू होतं. गाडी उत्तम चालते आहे. चढावर तापते, पण ओढते. ऑइल मी आता स्वतःच बदलते. तुमचा हात चांगला आहे, हे मला आधीपासून माहीत होतं. म्हणूनच तुम्हाला विचारलं होतं.

तुम्ही लिहिलंत की मी ठमाबाईला सांगावं. मी सांगणार नाही. मी सांगितलं तर ती मला विचारील की बाई, तू कोणाचं ऐकलंस. ते उत्तर मी रोज स्वतःला देते, मला तेवढं पुरे आहे. तुम्हाला सांगायचं असेल तर या. नाशिकहून एसटी आहे. पाड्यापर्यंत मी गाडीवर नेईन. पोरीला समोर बसवून तुमच्या तोंडाने सांगा. ठमाबाई मारणार नाही, ते मी तुम्हाला आत्ताच सांगते. ती माणसं तशी नाहीत. ती फक्त ऐकून घेईल.

यायचं नसेल तर येऊ नका. मी तुमचं नाव कुणापुढे काढणार नाही. आबांना म्हणावं, मान वर करून फिरा.

मात्र एक काम आहे. ठमाबाईची नागली यंदा फार थोडी झाली. त्यातली पायलीभर तिने स्वतः दळून, फडक्यात बांधून माझ्याकडे आणून दिली. गाडी नीट करणाऱ्या दादाला पाठव म्हणाली. मी खूप नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. त्याच कंडक्टरकडे दिली आहे, उतरवून घ्या. स्नेहलला भाकरी करायला सांगा आणि सगळ्या तुम्हीच खा, दुसऱ्या कोणाला देऊ नका. पाड्यावर गेले की ठमाबाई पहिलं तेच विचारते. भाकर कशी लागली ते कळवा.

मोहिनी