पानरुआल : वस्ती नाही

पानरुआल,
१ जुलै २०१२

माजोक,

बरा असशील. सरकारी नोकरी आहे, डोक्यावर पत्रा आहे, तुला काय धाड भरलीय! इकडे पाऊस वेळेवर आला. ज्वारी गुडघ्याला लागलीय. गुरं नदीवरून परतली आणि त्यांच्यामागून माणसंही. आईची काळजी करू नकोस, तिला आता कसलाच त्रास नाही. शाळेचे मास्तर राजधानीला, जुबाला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. निर्वासित छावणीत तूच मला अक्षरं शिकवलीस, तेव्हा आता वाच.

गेल्या आठवड्यात जिल्ह्याचा माणूस आला. देश स्वतंत्र होऊन वर्ष होतंय, म्हणून सगळ्या गावांची नवी यादी केलीय म्हणे. आम्ही झाडाखाली जमलो. दुतमामा नवा सदरा घालून पुढे बसले होते. तो माणूस एकेका गावाचं नाव वाचत गेला, आणि आमचं आलं तेव्हा म्हणाला, "पानरुआल : वस्ती नाही."

आधी सगळे हसले. मामांनी विचारलं, "मग आत्ता तू बोलतोयस कुणाशी?"

त्याने कागद वळवून दाखवला. खाली फेब्रुवारीची तारीख आणि तुझी सही होती. मग कुणी हसलं नाही.

जागा मोकळी आहे, तेव्हा जिल्ह्याची नवी कचेरी इथेच बांधणार, असं तो सांगून गेला. ज्वारी कापायच्या आत आम्ही उठायचं. मामा तडक घरी आले. नवा सदरा काढून घडी करून ठेवला, तो अजून तसाच आहे.

अरे, परका साहेब चुकला असता तर मी समजले असते. फेब्रुवारीत गाव रिकामं असतं, सगळे गुरांबरोबर नदीकाठच्या गवतात असतात, हे तुला कुणी सांगायला हवं? तू स्वतः किती उन्हाळे तिथे शेणाची राख अंगाला फासून लोळलास! 'माणसं गुरांकडे गेलीत' एवढं लिहायला काय हात मोडला होता तुझा? बाबांनी ज्याच्यावरून तुझं नाव ठेवलं तो बैल विकून तू जुबाला गेलास, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

हे एवढंच लिहून थांबणार होते. पण तसं पाहिलं तर माझीही सही त्या कागदावर आहे.

त्या दिवशी गाव रिकामं नव्हतं. आईला चालवत नव्हतं, म्हणून मी तिच्यापाशी राहिले होते. तुमची गाडी आली तेव्हा मी फटीतून तुला पाहिलं. चार वर्षांनी. तू झाडाखाली उभा राहून आपल्या झोपडीकडे बघत होतास. मी चुलीवर राख लोटली, धूर दिसू नये म्हणून. दाराची चटई आतून ओढून बांधली. येऊ दे त्याला, हाक मारू दे, मग बघते, असं मनात होतं.

तू खोकलास. आई म्हणाली, "माजोक आला."

मी म्हणाले, "नाही गं. नदीपलीकडचे कुणीतरी आहेत."

"कुणी का असेना," ती म्हणाली, "त्याला पाणी दे."

मी हलले नाही. तू हाक मारली नाहीस. गाडी गेली.

आई मे महिन्यात गेली, पहिल्या सरीच्या आधी. पत्र पाठवलं नाही, कारण तेव्हा तुला तेवढंही द्यायची माझी इच्छा नव्हती. शेवटपर्यंत ती विचारत होती, त्या माणसाला पाणी दिलंस का. मी हो म्हणत होते.

एकवीस तारखेला, शनिवारी, तो माणूस हरकती ऐकायला परत येणार आहे. त्याच झाडाखाली. सही करणाऱ्यानेच चूक कबूल केली तर कागद बदलतो, असं तो म्हणाला. तुझी नोकरी जाईल, मला कळतं. मीही मामांसमोर, सगळ्यांसमोर सांगणार आहे की मी चूल विझवली. मग मला या गावात कोण बोलवेल ते बघू.

ये. आणि खोटं काही लिहायला मी सांगत नाहीय. दाराशी, उजव्या हाताला आईला मातीत ठेवलंय. फेब्रुवारीत सगळे नदीवर गेले तरी ती जाणार नाही. वस्ती एक, एवढं तरी लिही.

पाणी भरून ठेवते.

चटई बांधणारी तुझी बहीण,
अदुत